कंपनी बुडाली म्हणून बोट मोडीत काढायची?

अमेरिकेच्या उत्तरेकडच्या राज्यांत बर्फ वितळला की घरोघरी एक सोहळा सुरू होतो. हिवाळाभर गॅरेजमध्ये किंवा अंगणात ताडपत्री पांघरून झोपलेल्या बोटी जाग्या केल्या जातात. मिनेसोटा, विस्कॉन्सिन, मिशिगन ही सगळी तळ्या-सरोवरांची राज्यं. मिनेसोटातल्या मोटारींच्या नंबरप्लेटवरसुद्धा ‘दहा हजार सरोवरं’ अशी अक्षरं मिरवत असतात. तिथं मोटारीमागं ट्रेलर आणि ट्रेलरवर १६-१८ फुटांची मोटरबोट ही काही लक्षाधीशाची चैन नव्हे. शाळामास्तर, नळ दुरुस्त करणारा, पोस्टमन, कुणाच्याही दारात ती दिसते. बऱ्याचदा ती नवी नसतेच. आजोबांनी १९८५-९० च्या सुमाराला घेतलेली, मुलांनी जिच्यावरून पाण्यात उड्या मारल्या ती, आणि आता नातवंडांच्या वाट्याला आलेली!

ताडपत्री निघते. इंजिन दोन-तीनदा खोकून सुरू होतं. आणि मग कुणाचं तरी लक्ष समोरच्या काचेकडं, म्हणजे विंडशील्डकडं जातं. काच शाबूत आहे. पण ती ज्या ॲल्युमिनियमच्या चौकटीत बसलीय, त्या चौकटीचा कोपरा तडकलाय. हात लावला तर अख्खी चौकट डुगडुगते. कोपऱ्याचा तो तुकडा जेमतेम तळहाताएवढा. ‘हात्तिच्या, एवढंच ना!’ म्हणत मालक दुकानात फोन करतो आणि पलीकडून उत्तर येतं, ‘तो भाग बंद झाला. आता मिळणार नाही.’

इथून पुढं जे सुरू होतं ते मजेशीर आहे आणि डोकं पिकवणारंही आहे. एका बाजूला आणखी वीस-तीस वर्षं सहज चालेल अशी ठणठणीत बोट. दुसऱ्या बाजूला धातूचा एक टीचभर तुकडा. आणि त्या तुकड्यावाचून बोट पाण्यात न्यायची म्हणजे पोराबाळांच्या जिवाशी खेळ!

काच नव्हे, कठडाच तो

जिवाशी खेळ हे शब्द जरा जास्तच झाले, असं कुणाला वाटेल. पण गेटवेहून मांडव्याला जाणाऱ्या स्पीडबोटीत जे बसलेत, त्यांना त्यातलं मर्म कळेल. अशी बोट लाटेवर आपटली की माणूस पहिल्यांदा काय करतो? समोर जे हाती लागेल ते घट्ट धरतो. आणि हाती लागते ती विंडशील्डची चौकट. ती धरण्यासाठी बनवलेली नसते, हे खरं. पण सगळे तीच धरतात. बोटीत चढता-उतरता, धक्क्याला लागताना, पाण्यातून वर येताना, प्रत्येक वेळी माणसाचं वजन तिच्यावर पडतं.

त्यातही घरगुती वापराच्या बहुसंख्य बोटींमध्ये पुढच्या टोकालासुद्धा बसायला जागा असते. तिथं जायचं म्हणून विंडशील्ड मधोमध कापलेलं असतं आणि मधल्या काचेला दारासारख्या बिजागऱ्या असतात. म्हणजे चौकट एकसंध राहतच नाही. डावा भाग वेगळा, उजवा वेगळा. दोन्हींना तोलून धरायचं काम कोपऱ्यांचं आणि आतून लावलेल्या आधाराच्या पट्ट्यांचं. त्यातला एक कोपरा गेला की काचेची कड धातूवर घासू लागते. या काचा टफन्ड म्हणजे तापवून झटकन थंड केलेल्या असतात. मधोमध बुक्की मारली तर सहन करतील, पण कडेला बारीकसा टवका उडाला तरी अख्ख्या काचेचे दाण्यांएवढे तुकडे होतात. वेगानं चाललेल्या बोटीत हे घडलं तर सुकाणू धरणाऱ्याच्या डोळ्यांत काय जाईल याची कल्पना करा. बोटींच्या काचा आणि त्यांच्या चौकटी कशा असाव्यात, यासाठी ‘अमेरिकन बोट अँड यॉट कौन्सिल’नं स्वतंत्र मानकच करून ठेवलंय, ते उगाच नव्हे.

बरं, कोपरा तडकतो का? तर एक कारण ट्रेलर. बोट पाण्यात नसते तेव्हा ती रस्त्यावरचे धक्के खात असते. दुसरं, ताडपत्री. ती ताणून बांधली की हिवाळ्यात तिच्यावर साचलेल्या बर्फाचा सगळा भार चौकटीवर येतो. आणि तिसरं कारण स्क्रू. चौकट ॲल्युमिनियमची, स्क्रू स्टेनलेस स्टीलचे. दोन वेगळे धातू एकमेकांना चिकटून बसले आणि मध्ये पाणी शिरलं की त्यांची जणू बारीकशी बॅटरीच तयार होते आणि त्यात झिजतं ते ॲल्युमिनियम. स्क्रूभोवती पांढरी भुकटी दिसते ना, ती त्या झिजेची राख! समुद्राच्या खाऱ्या पाण्यात हे झपाट्यानं होतं, गोड्या पाण्यात सावकाश. पण होतं नक्की.

बोट टिकली, कंपनी नाही

आता मूळ प्रश्न. कारखाना हा भाग देत का नाही?

याचं एक कारण असं की, फायबरग्लासच्या बोटी फारच टिकाऊ निघाल्या! दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत लाकडाऐवजी काचतंतू आणि रेझिनच्या बोटी बनू लागल्या. लाकूड कुजतं, त्याला वाळवीसारखे पाण्यातले किडे लागतात. फायबरग्लासचं तसं नाही. ‘बॉस्टन व्हेलर’ कंपनीचे डिक फिशर यांनी १९६१ मध्ये ‘लाइफ’ मासिकाच्या छायाचित्रकारासमोर आपली १३ फुटी बोट पाण्यात असताना करवतीनं चक्क मधोमध कापली आणि अर्ध्या बोटीत बसून ते इंजिन चालवत निघून गेले! आतल्या फोममुळं ती बुडणं शक्यच नव्हतं. ते छायाचित्र जाहिरातीच्या इतिहासात अजरामर झालं. त्या काळातल्या कित्येक बोटी आजही पाण्यावर आहेत. कंपन्यांनी मात्र एवढ्या लांबचा विचार केलेला नव्हता. पन्नास वर्षांनी कुणी आपल्याकडं काचेच्या चौकटीचा कोपरा मागायला येईल, हे कुणाच्या ध्यानीमनी असणार?

दुसरं कारण आकड्यांचं. मोटारीचं एखादं मॉडेल लाखांनी खपतं. त्यामुळं कंपनीनं हात वर केले तरी बाहेरचे कारखानदार त्याचे सुटे भाग बनवत राहतात, कारण गिऱ्हाईक भरपूर. बोटीचं एखादं मॉडेल वर्षाकाठी काहीशे निघालं तरी खूप. त्यात दर दोन-चार वर्षांनी विंडशील्डचा उतार बदलायचा, कोपरा जरा गोल करायचा, अशी फॅशन. एवढ्या थोड्या बोटींसाठी सुटे भाग गोदामात कोण सांभाळत बसेल?

शिवाय गंमत अशी की, बोट बनवणारी कंपनी विंडशील्ड स्वतः बनवतच नाही. ती बाहेरून घेते. अमेरिकेत या धंद्यातलं मोठं नाव म्हणजे न्यूयॉर्क राज्यातल्या ग्लोव्हर्सव्हिलची ‘टेलर मेड’. ग्लोव्हर्सव्हिल म्हणजे हातमोज्यांचं गाव. एके काळी तिथं कातडी हातमोजे शिवण्याचा मोठा उद्योग होता, त्यावरून हे नाव पडलं. हातमोज्यांचा धंदा बसला, बोटींच्या काचांचा तिथं रुजला. कितीतरी वेगवेगळ्या नावांच्या बोटींना याच एका घरच्या काचा लागलेल्या असतात. २०१८ मध्ये ही कंपनीसुद्धा ‘लिपर्ट’ या दुसऱ्या उद्योगानं विकत घेतली.

आणि बोट कंपन्यांची कुंडली तर विचारूच नका. ‘आउटबोर्ड मरीन कॉर्पोरेशन’ हा एव्हिन्रूड आणि जॉन्सन इंजिनांचा बडा उद्योग. १९८० च्या दशकात त्यानं धडाधड बोटी बनवणाऱ्या कंपन्या विकत घेतल्या. डिसेंबर २००० मध्ये त्याचंच दिवाळं निघालं. २००१ मध्ये इंजिनं कॅनडाच्या बॉम्बार्डियेकडं गेली, बोटींचे बरेचसे कारखाने मिनेसोटाच्या ‘जेनमार’कडं. २००९ मध्ये जेनमारनंही दिवाळखोरीचा अर्ज केला. त्यातली ‘फोर विन्स’ ही मिशिगनची कंपनी पुन्हा हात बदलत २०१४ मध्ये फ्रान्सच्या ‘बेनेतो’कडं पोचली. आता सांगा, १९८८ च्या फोर विन्सच्या मालकानं कोपऱ्यासाठी कुणाच्या दारात जायचं? अशा लिलावात नवा मालक घेतो ते नाव, यंत्रं आणि चालू मॉडेलचे साचे. जुन्या बोटींचे कागद आणि साचे कुठल्या हस्तांतरात भंगारात गेले, याचा पत्ता तिथल्या माणसांनाही नसतो.

या ‘साच्या’ची गोष्ट घरच्या उदाहरणानं सांगतो. चौकटीची लांब पट्टी असते ती एक्स्ट्रूजन पद्धतीनं बनलेली, म्हणजे सरळ सरळ सोऱ्यातून शेव पाडतात तशी! ॲल्युमिनियमचा ओंडका साधारण साडेचारशे अंशांपर्यंत तापवायचा आणि शेकडो टनांच्या दाबानं पोलादी चकतीतून पुढं ढकलायचा. चकतीला जसं भोक, तसा पट्टीचा छेद: इथं काचेची खाच, तिथं रबराची, खाली स्क्रूची. आपल्याकडं दिवाळीच्या ऐन तोंडावर सोऱ्याची चकलीची चकती सापडू नये, तसं हे झालं. पीठ तयार आहे, सोऱ्या आहे, तेल तापलंय. पण ती चांदणीची चकतीच हरवली! शेव पाडता येईल, पण चकली नाही.

आधी शोध, मग करवत

माझ्या मते अशा वेळी माणूस पहिली चूक करतो ती म्हणजे तुटका तुकडा फेकून देतो. तो तुकडाच तर नकाशा आहे! कंपनीचे कागद गेले, साचा गेला, पण माप कुठं शिल्लक असेल तर त्या तुटक्या तुकड्यात. दोन तुकडे झालेले असले तर दोन्ही, चार झाले असतील तर चारही पिशवीत घालून ठेवायचे. स्क्रूसुद्धा. कोणता स्क्रू कोणत्या भोकातला, हे कागदावर चित्र काढून, त्याला टोचून ठेवावं. उतरवण्याआधी पट्टी शेजारी धरून चारही बाजूंनी फोटो काढावेत.

मग बोटीची जन्मपत्रिका पाहायची. १ नोव्हेंबर १९७२ पासून अमेरिकेत बनणाऱ्या प्रत्येक बोटीला बारा अक्षर-अंकांचा ओळख क्रमांक सक्तीचा झाला. बोटीच्या मागच्या फळीवर, उजव्या हाताला तो कोरलेला असतो. पहिली तीन अक्षरं कारखान्याची खूण, अखेरच्या अंकांत वर्ष. दुकानदाराला नुसतं ‘निळ्या पट्ट्याची अठरा फुटी बोट’ सांगण्यापेक्षा हा क्रमांक सांगितला की निम्मा गोंधळ मिटतो.

पण त्याहून मोलाची खूण काचेच्या कोपऱ्यात असते. सुरक्षा काचेवर बनवणाऱ्याचं नाव आणि दर्जाची अक्षरं बारीक कोरलेली असतात. तिथं विंडशील्ड कुणाचं ते कळतं आणि शोधाची दिशाच बदलते. कारण आपण आतापर्यंत बोटीचा भाग शोधत होतो. तो विंडशील्डवाल्याचा भाग निघाला! तोच कोपरा त्यानं दुसऱ्या दोन-चार नावांच्या बोटींना पुरवलेला असू शकतो. आपल्या बोटीच्या यादीत ‘बंद’ लिहिलेला भाग दुसऱ्याच बोटीच्या नावाखाली एखाद्या दुकानाच्या फडताळात धूळ खात पडलेला असतो. जुनी माणसं या व्यवसायात टिकून आहेत ती याच माहितीच्या जोरावर. तुकडा हातात घेऊन, उलटासुलटा करून ती सांगतात, ‘हा अमक्या कंपनीच्या तमक्या वर्षीच्या बोटीलाही बसतो.’ हे ज्ञान कुठल्या पुस्तकात नाही.

तिथंही नाही मिळालं तर भंगारातल्या बोटी. अमेरिकेत मोडक्या बोटींची मोठी आवारं असतात. फ्लोरिडात तर दर मोठ्या वादळानंतर त्यांत भर पडते. सप्टेंबर २०२२ च्या ‘इयन’ चक्रीवादळानं बोटींचे अक्षरशः ढीग लावले होते. ज्याचा संसार वाहून गेला त्याच्या बोटीतून आपण स्क्रू काढतोय, ही जाणीव थोडी अस्वस्थ करते खरी. पण त्या ढिगातून निघालेल्या एखाद्या चौकटीमुळं दुसरी बोट वाचते, हेही खोटं नाही.

मात्र एक ध्यानात ठेवायला हवं. एकाच मॉडेलच्या, एकाच वर्षीच्या दोन बोटी जुळ्या बहिणींसारख्या असतात. दिसतात सारख्या, पण एकीचं पोलकं दुसरीला नेमकं बसतंच असं नाही. या बोटींची कड हातानं कापलेली, भोकं हातानं पाडलेली. दुसऱ्या बोटीची चौकट आणली की चार भोकं जुळतात, पाचवं पाव इंच सरकलेलं! मग ओढूनताणून बसवण्याचा मोह होतो. तो टाळायचा. जुनं भोक इपॉक्सीनं भरायचं, वाळू द्यायचं आणि नव्या जागी नवं पाडायचं. चौकट पिळून बसवली तर पहिल्याच मोठ्या लाटेला काच हिशेब चुकता करते.

आरशातला कोपरा

आणि कुठंच मिळाला नाही तर? तर बनवायचा!

सगळ्यात आधी वेल्डिंग सुचतं. पण कोपऱ्याच्या बाबतीत मी त्याच्या फार भानगडीत पडू नका म्हणेन. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, पण त्याच्या अंगावरचा ऑक्साइडचा पापुद्रा दोन हजार अंशांच्याही वर. चकाकीसाठी चौकटीवर जे ॲनोडायझिंग करतात, तो हाच पापुद्रा जाड केलेला असतो. तो नीट खरवडला नाही तर आतला धातू पाणी पाणी होतो आणि वरची साल तशीच राहते. त्यात पुष्कळ जुने कोपरे ॲल्युमिनियमचे नसून जस्ताच्या मिश्रधातूचे असतात. तो चारशे अंशांच्या आतच वितळतो. वेल्डरनं ज्योत लावली आणि टेबलावर नुसतं डबकं उरलं, असे किस्से या धंद्यात हसत हसत सांगतात. लांब पट्टीचं वेल्डिंग कुशल हाताला जमतं, पण जोडाच्या आसपास धातू मऊ पडतो हे गृहीत धरावं लागतं.

दुसरा मार्ग ओतकामाचा. हा कोल्हापूरच्या शिरोलीत ज्यांनी फाउंड्री पाहिलीय त्यांना समजावून सांगायला नको. वाळूत नमुना दाबायचा, काढायचा आणि त्या पोकळीत वितळलेला धातू ओतायचा. जुना तुटका कोपरा जोडून, पुट्टी भरून तोच नमुना म्हणून वापरता येतो. पण इथं एक सापळा आहे. ॲल्युमिनियम थंड होताना सुमारे सव्वा टक्का आकसतं. म्हणजे २०० मिलिमीटरचा तुकडा नमुना म्हणून दाबला तर नवा निघतो अडीच मिलिमीटरनं तोकडा. ऐकायला किरकोळ वाटतं. बसवायला गेलं की एकही भोक जुळत नाही. म्हणून जाणता ओतारी नमुन्यावर पुट्टीचा थर चढवून त्याला थोडा धष्टपुष्ट करतो आणि भोकं ओततच नाही. ती नंतर बोटीवर ठेवून, प्रत्यक्ष जागा पाहून पाडायची.

आता या जुन्या विद्येला नवी सोबत मिळालीय आणि मला सगळ्यात आवडलेली गोष्ट हीच. समजा डावा कोपरा असा चेंदामेंदा झालाय की त्याच्यावरून काही मापच निघत नाही. पूर्वी इथं हात टेकावे लागत. उजवा कोपरा शाबूत असला तरी त्याचा उपयोग नव्हता, कारण उजव्या पायाचा जोडा डाव्या पायात कसा जाणार? आता उजव्या कोपऱ्याचं स्कॅनरनं त्रिमितीय चित्र घ्यायचं आणि संगणकावर आरशातल्यासारखं उलटवायचं. झाला डावा तयार! चित्रातच सव्वा टक्का वाढवायचा, प्लॅस्टिकच्या छपाई यंत्रावर तो छापायचा आणि तो छापील तुकडा नमुना म्हणून ओताऱ्याच्या वाळूत द्यायचा. हजारो वर्षं जुनी कला आणि काल-परवाचं यंत्र एकाच कोपऱ्यासाठी हातात हात घालून उभे! फक्त उलटवण्याआधी दोन्ही बाजूंची मापं ताडून पाहावीत. हातानं बनलेली बोट डावी-उजवी तंतोतंत सारखी असेलच याचा भरवसा नाही. म्हणून साध्या मापाचा एक तुकडा आधी छापून नुसता बसवून पाहायचा. दोन-तीन छापले तरी खर्च मामुली.

मग तो छापलेलाच तुकडा कायमचा का लावू नये? तरुण मंडळी हा प्रश्न हमखास विचारतात. शोभेच्या टोपणाला, पट्टीच्या टोकावरच्या झाकणाला खुशाल लावावा. पण ज्यावर माणसाचं वजन पडतं तिथं माझा त्याला विरोध आहे. छपाईचं सर्वांत स्वस्त प्लॅस्टिक साठेक अंशांनाच मऊ पडतं. भर उन्हात काळ्या रंगाचा तुकडा त्याच्या आसपास सहज पोचतो. ऊन सोसणारी प्लॅस्टिकं मिळतात, पण थराथरानं रचलेला तुकडा थरांच्या सांध्यातच उकलतो. खर्च परवडत असेल तर ॲल्युमिनियमच्या ठोकळ्यातून संगणकी यंत्रावर कोरून घेतलेला कोपरा सर्वांत भक्कम. तो मूळच्यापेक्षाही मजबूत निघतो. इतका की, पुढच्या वेळी तो तुटणार नाही, शेजारचं दुसरंच काही तरी तुटेल!

लांब पट्टीचं दुखणं वेगळं. नवी चकती करून घेणं तितकंसं महाग नसतं. घोडं अडतं ते किमान मालावर. शेकडो किलो पट्टी काढायची असेल तरच कारखाना यंत्र सुरू करतो आणि एका बोटीला लागते चार-पाच किलो. एकट्याला हे झेपत नाही. त्याच मॉडेलचे पंचवीस-तीस मालक एकत्र आले तरच शक्य होतं. नाही तर बाजारात मिळणाऱ्या साध्या कोन-पट्ट्यांतून जुळवाजुळव करायची. दिसायला ती मूळच्यासारखी देखणी नसते, पण काच धरून ठेवते.

काच, रबर आणि साबणाचं पाणी

चौकटीच्या भानगडीत काच फुटली तर नवी काच कापून आणू, असं म्हणून भागत नाही. टफन्ड काच एकदा तयार झाल्यावर कापता येत नाही, तिला भोक पाडता येत नाही. आधी कापायची, भोकं पाडायची, मग भट्टीत घालायची. सपाट काचेचं ठीक आहे. बाकदार काचेसाठी वेगळा साचा लागतो आणि तो पुन्हा हरवलेलाच! म्हणून पुष्कळजण ॲक्रिलिकच्या तावाकडं वळतात. ते भट्टीत मऊ करून, मखमाली कापड लावलेल्या लाकडी साच्यावर वाकवता येतं. पण ॲक्रिलिक उन्हात काचेच्या सात-आठ पट आणि ॲल्युमिनियमच्या तिप्पट पसरतं. मीटरभर लांबीच्या तावासाठी चाळीस अंशांच्या फरकाला जवळजवळ तीन मिलिमीटर. त्यामुळं खाचेत त्याला मोकळी जागा सोडावी लागते आणि स्क्रूची भोकं जरा सैल ठेवावी लागतात. घट्ट आवळलं की भोकापासून चिरा फुटल्याच म्हणून समजा. आणि हो, घरातल्या आरशांवर मारतो तो अमोनियाचा फवारा त्यावर चुकूनही मारू नये. आठवड्यात जाळीदार तडे दिसू लागतात. साबणाचं पाणी आणि मऊ फडकं पुरे.

साबणाच्या पाण्याचा आणखी एक उपयोग रबरी पट्टी बसवताना. ही पट्टी खाचेत बसवणं म्हणजे भल्याभल्यांची परीक्षा. पट्टी गरम पाण्यात घालून मऊ करायची, तिच्या ओठाखाली मजबूत दोरा घालायचा, साबण लावायचा आणि एकानं काच दाबून धरायची, दुसऱ्यानं दोरा हळूहळू ओढत न्यायचा. दोरा निघत जातो तसा रबराचा ओठ काचेवर चढत जातो. मोटारींच्या काचा बसवणारे आपल्याकडचे कारागीरही हीच युक्ती वापरत आले आहेत; प्रीमियर पद्मिनीच्या जमान्यात गॅरेजबाहेर हे दृश्य कुणीही पाहिलं असेल.

स्क्रू लावताना धातू-धातूत विद्युतरोधक मलम भरायचं, म्हणजे ती पांढरी भुकटी पुन्हा लवकर दिसत नाही. पाणी अडवायला सीलंट लावायचं, पण कोणतं ते विचारून. काही पॉलियुरेथेन सीलंट असे चिकटतात की पुढच्या वेळी चौकटीबरोबर बोटीची कातडीही सोलून निघते. पॉलिसल्फाइडचं ॲक्रिलिकशी पटत नाही. तिथं सिलिकॉन बरं.

आणि कायदा?

दुसऱ्याच्या कारखान्याचा भाग असा परस्पर बनवून घेणं ही चोरी तर नव्हे? ही शंका रास्त आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं त्यावर १९६१ मध्येच एक महत्त्वाचा निकाल दिलाय. खटला उघडझाप होणाऱ्या मोटारींच्या कापडी छपराचा होता. छपराच्या संपूर्ण यंत्रणेला पेटंट होतं. पण कापड फाटलं म्हणून मालकानं ते दुसरीकडून बदलून घेतलं तर ती नवनिर्मिती नव्हे, दुरुस्ती होय आणि विकत घेतलेली वस्तू दुरुस्त करण्याचा मालकाला हक्क आहे, असं न्यायालयानं म्हटलं. शिवाय पेटंटाचं आयुष्यच वीसेक वर्षांचं. १९८८ च्या बोटीच्या कोपऱ्यावर आता कुणाची मालकी सांगायला उरलेली नाही. आपल्याकडंही केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार खात्यानं डिसेंबर २०२२ मध्ये ‘दुरुस्तीच्या हक्का’साठी स्वतंत्र संकेतस्थळ सुरू केलं, तिथला रोख मोबाइल, घरगुती यंत्रं, मोटारी आणि शेतीची अवजारं यांच्यावर आहे.

पैशांचा हिशेब मात्र सरळ नाही. कोरून घेतलेला एक कोपरा काहीशे डॉलरला पडू शकतो आणि पूर्ण नवं विंडशील्ड काही हजारांना. तीस वर्षं जुन्या बोटीची बाजारातली किंमतच कधी कधी तेवढी नसते. मग हिशेबी माणूस म्हणतो, मोडीत काढा. पण फायबरग्लासची बोट मोडीत काढणं हा स्वतंत्र उपद्व्याप आहे. लोखंडाला भंगारवाला पैसे देतो. फायबरग्लास न्यायला उलट त्यालाच पैसे द्यावे लागतात. ते वितळत नाही, कुजत नाही. कित्येक बोटी म्हणूनच खाडीच्या काठी, झुडपांत टाकून दिलेल्या आढळतात. फ्रान्सनं २०१९ पासून अशा बोटी मोडण्याचा भार उत्पादकांच्या वर्गणीवर टाकला. अमेरिकेत ऱ्होड आयलंडमध्ये जुन्या बोटींचा भुगा सिमेंटच्या भट्ट्यांत वापरण्याचा प्रयोग झालाय. तोवर काहीशे डॉलरचा कोपरा महाग की स्वस्त, हे प्रत्येक घरानं आपापलं ठरवायचं. मला स्वतःला तो स्वस्त वाटतो.

ज्यांनी तो बनवून घेतला, ती शहाणी माणसं एकाऐवजी दोन बनवून घेतात. चित्र तयार असतं, ओतारी तयार असतो; दुसऱ्याला फारसा जास्त खर्च येत नाही. एक बोटीवर, एक फडताळात. आणि संगणकावरचं चित्र त्याच मॉडेलच्या इतर मालकांना देऊन टाकतात.

चौकट बसली, स्क्रू आवळले, सीलंट वाळलं की बोट लगेच तळ्यावर नेत नाहीत. आधी अंगणातच परीक्षा होते. एकानं आत सुकाणूपाशी बसायचं, दुसऱ्यानं समोरून बागेतल्या नळीनं काचेवर पाण्याचा जोरदार मारा करायचा. आत थेंब कुठून येतो ते पाहून तिथं खडूनं खूण करायची. नळी धरण्याचं काम बहुतेक घरांत नातवंडंच हिसकावून घेतात आणि आत बसलेले आजोबा काच गळो न गळो, नखशिखांत भिजून बाहेर येतात!